मॅडमची फेरी

भाची जिना उतरायला लागली आणि स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या मावशीचा हात मध्येच थांबला. रोज सकाळी भाची बाहेर पडली की चौथ्या मजल्यापासून खालच्या फाटकापर्यंत तिच्या पावलांचा पाढा ऐकू यायचा, पाठ झालेला, न अडखळणारा. आज त्या पाढ्यात काहीतरी गळत होतं. उजवं पाऊल पडत होतं, पण पडल्यावर टिकत नव्हतं. डावं घाईघाईने येऊन त्याला सोडवून नेत होतं. उजवा गुडघा असणार. मांडीचा स्नायू असता तर खेच वेगळी आली असती. एवढं सगळं मावशीला गाळणी हातात असतानाच कळलं, आणि त्यात तिला काही विशेष वाटलं नाही; पोरींचे पाय ऐकण्याबघण्यातच तिचा जन्म गेला होता. दचकायला झालं ते त्याच्या पुढच्या गोष्टीने. पोरीच्या पायाला काय झालं ही काळजी मनात यायच्या आधी, अगदी अर्धा श्वास आधी, तिला हायसं वाटलं होतं. सुटले बाई, असं कोणीतरी तिच्याच आवाजात आत म्हणालं होतं. काळजी आली, पण मागाहून, सगळे जेवून उठल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यासारखी. तोवर खाली फाटक वाजलं होतं, चहा ओट्यावर सांडला होता, आणि ते 'सुटले बाई' काही केल्या पुसलं जात नव्हतं.

घरात ती मावशी होती आणि मैदानावर मॅडम. शहरातल्या व्यावसायिक हॉकी क्लबाचा मुलींचा संघ उभा करायचं काम तिच्याकडे होतं. संघाला खेळवणारा कोच वेगळा. तो चालू हंगामात जिंकायचं बघणार, आणि हिने पुढची पाच वर्षं बघायची, अशी वाटणी होती. बाहेरून कोणाला विकत आणायचं, कोणाला जाऊ द्यायचं, अकादमीतल्या कोवळ्या पोरींपैकी कोण कधी पिकेल, हे सगळं तिचं. यंदाच्या संघात अठरा जणी हव्या होत्या आणि सतरा ठरल्या होत्या. पेनल्टी कॉर्नर मारणारी परदेशी बचावपटू आली होती, दोन गोलरक्षक पक्क्या होत्या, पुढची फळी कोचला हवी तशी जमली होती. मधल्या फळीतली एक जागा उरली होती आणि ती अकादमीतूनच भरायची, यावर मावशी अडून बसली होती. बाहेरून तयार माल आणत राहिलो तर घरची पोरं कायम पाणीच वाहणार, हे तिचं म्हणणं. मान्य झालं. आणि मग स्वतःच विणलेल्या जाळ्यात आपलाच पाय अडकावा तसं झालं, कारण त्या एका जागेसाठी अकादमीतून वर आल्या त्या दोघीच. एकीला सगळे गिरकी म्हणत, कारण चेंडू काठीला चिकटवून ती समोरच्या मुलीभोवती अशी फिरायची की त्या मुलीला आपलीच मान शोधावी लागे. आणि दुसरी भाची. आज दुपारी सरावाचा शेवटचा सामना होता आणि संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं होतं.

मैदानापर्यंत ती चालतच जायची. रस्त्यात तिला कधी माणसं दिसत नसत, चाली दिसत. हा टाच घासतो, हिचा डावा खांदा पुढे पडतो, ही मुलगी धावली तर बरी धावेल पण हिला कोणी धावू देणार नाही. बँकेतल्या माणसाशी ती दर महिन्याला बोलायची आणि रस्त्यात भेटला तर ओळखायची नाही; तो पाठमोरा चालायला लागला की मग, अरे हा तर आपला बँकवाला, असं म्हणून चुटपुटायची. भाची हसायची. "मावशी, उद्या मी तोंडाला रंग फासून आले ना, तुला कळायचं नाही. बूट बदलले तर मात्र लगेच विचारशील." गेली तीन वर्षं भाची तिच्याकडेच राहत होती. ताईने, म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीने, पोरीला आणून सोडलं तेव्हा दारातच म्हणाली होती, "तुझ्या पदरात टाकतेय. तिला उगाच वर चढवू नकोस आणि उगाच खाली पाडू नकोस." मग बॅग ठेवली, पाणी प्यायली आणि तिच्या गावच्या गाडीसाठी निघून गेली. ताईचं हे असंच. तिला एका वाक्यात माणसाची झोप उडवता यायची.

खरं तर दोघींत खेळाडू ताईच होती. एक काठी दोघींत, परत तिची मूठ फुटकी, चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून जाड झालेली; ताई खेळून दमली की धाकटीला मिळायची. ताई डावखुरी. हॉकीत डावखुऱ्यांची वेगळी काठी नसते, सगळ्या जगाने एकाच बाजूने खेळायचं, पण वरचा हात डावाच असतो आणि सगळी करामत त्याच हाताची. त्यामुळे शाळेत वहीवरून ओरडा खाणारा ताईचा हात मैदानावर राजा होता. भाचीही डावखुरी. तिला पहिल्यांदा चेंडू अडवताना पाहिलं तेव्हा मावशीने तिच्या हातांवरून नजर काढून लगेच पायांकडे बघायला सुरुवात केली होती. ताई ज्या दिवशी संघातून गेली तो दिवस तिला नीट आठवत असे, पण एकाच जागेवरून. स्पर्धेला जायची बस उभी होती. प्रशिक्षक पायरीवर उभे राहून एकेक नाव घेत होते आणि मुली चढत होत्या. धाकटीचं नाव आलं. ती चढली, खिडकीपाशी बसली. ताईचं आलंच नाही. कोणी तिला आधी काही सांगितलं नव्हतं, नंतरही सांगितलं नाही. नावं संपली, दार लागलं. ताई खाली पिशवी घेऊन उभी होती. धाकटीने खिडकीतून बघितलं ते तिच्या बुटांकडे. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. बस हलेपर्यंत ती त्या नाडीकडेच बघत राहिली, कारण नजर वर नेली असती तर ताईचं तोंड दिसलं असतं.

म्हणूनच ती या कामावर आली तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती फेरीची. ज्या मुलीला संघातून कमी करायचं तिला तिनेच सांगायचं, स्वतः, त्याच दिवशी. ऑफिसात टेबलापलीकडे बसवून नाही. मैदानाला एक फेरी मारायची, दोघींनी, शेजारी शेजारी चालत. पहिल्या कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत नाव का नाही ते सांगायचं, दुसऱ्यापर्यंत ती मुलगी काय म्हणेल ते ऐकायचं, आणि उरलेल्या वाटेत पुढे काय करता येईल ते. मुली या प्रकाराला मॅडमची फेरी म्हणत आणि नुसतं "जरा चालू या का?" म्हटलं तरी त्यांचे चेहरे पडत. पण वर्षानुवर्षांनंतर भेटलेल्या मुलींनीही सांगितलं होतं की मॅडम, तुम्ही निदान सांगितलंत. मावशीला त्याचा थोडा अभिमानही होता. शेजारी चालताना एकमेकींकडे बघावं लागत नाही, ही त्यातली सोय मात्र तिने कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती. बहुतेक स्वतःलाही नाही.

मैदानावर पोचली तेव्हा फवारे सुरू होते. निळ्या कृत्रिम गवतावर पाणी मारल्याशिवाय चेंडू नीट पळत नाही. ती थेट फिजिओच्या खोलीत गेली. फिजिओ, एक ठेंगणी, कायम च्युइंगगम चघळणारी बाई, पट्ट्या आवरत होती. मावशी दारात उभी राहिली. सांगावं तर घरात ऐकलेली गोष्ट मैदानावर आणली असं होणार. इतर मुलींच्या घरचे जिने काही ती ऐकायला जात नाही. न सांगावं आणि पोरीने दुखऱ्या गुडघ्यावर सामना ओढला तर ताईला काय तोंड दाखवणार? इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ती म्हणाली, "सगळ्या ठीक ना?"

"तुमच्या भाचीने गुडघा बांधून घेतला आत्ताच."

म्हणजे लपवलं नव्हतं तर. मावशीने दाराची चौकट धरली. "फार आहे का?"

"तेच कळत नाहीये मला. सूज नाही, गरम नाही. दाबलं की एकदा इथे दुखतं म्हणते, एकदा तिथे. म्हटलं, बाई, दुखणं तुझं आहे, जागा तर ठरव! बस म्हटलं तर बसायलाही तयार नाही. थोडी लंगडेन पण खेळेन, म्हणते." फिजिओने खांदे उडवले. "घाबरली असेल. आजचा दिवसच तसा आहे."

सामन्याच्या वेळी मावशी नेहमीसारखी वरच्या बाकावर बसली आणि कोच तिच्या शेजारी येऊन टेकला. दाढीवाला, तिच्यापेक्षा बराच लहान, भला माणूस. भलेपणाचा त्रास होतो अशा जातीचा. "मॅडम, एक सांगून ठेवतो," तो समोर बघत म्हणाला. "तुम्ही भाचीचं नाव दिलंत तर मी नाही म्हणणार नाही. आणि नाही दिलंत तरी काही विचारणार नाही." मावशीला वाटलं, याने एक सणसणीत शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तुमचं मत काय ते सांगा ना," ती म्हणाली. तो दाढी खाजवत राहिला. "गिरकी आज तयार आहे," तो म्हणाला. "भाचीचं तुम्हाला जास्त माहीत." हो, जास्त माहीत होतं. तिला कित्येक महिन्यांपासून माहीत होतं. भाचीला खेळ आधी कळायचा. चेंडू कुठे जाणार हे ती इतरांच्या आधी ओळखायची आणि तिकडे निघायचीही, पण पोचायची उशिरा. वर्षभरात पोर एकदम वाढली होती, ताईपेक्षाही उंच झाली होती, आणि तिच्या पायांना अजून तिची उंची समजली नव्हती. वळायला तिला एक पाऊल जास्त लागायचं. हे दुखणं नव्हे, हा दोषही नव्हे. वाढत्या अंगाच्या पोरींचं असं होतं आणि एखाद्या वर्षात पाय शहाणे होतात. तोवर त्यांना मोठ्यांच्या संघात ढकललं तर त्या धसका घेतात आणि कायमच्या बिचकून खेळतात, अशा दोघीतिघी तिने पाहिल्या होत्या. दुसऱ्या कोणाची पोर असती तर मावशीने हे कधीच फेरीत सांगून टाकलं असतं. पण ताईच्या पोरीला संघाबाहेर ठेवायचं, तेही आपण, या विचारापाशी ती विषय उद्यावर ढकलायची. आज सकाळी जिन्यावर त्या पायाने तिला परस्पर वाट काढून दिली होती. मावशीने नाही, गुडघ्याने बाहेर ठेवलं. गुडघ्यावर कोण रागावणार? ताईसुद्धा नाही.

खाली भाची लंगडत होती. चेंडू नसताना लंगडत होती, चेंडू आला तरी जपून पाऊल टाकत होती, आणि बाकावर बसलेल्या दोनचार मुली तिच्याकडे हळहळून बघत होत्या. गिरकी मोकाट सुटली होती. तेवढ्यात मध्यावर कोणाचा तरी पास चुकला आणि समोरच्या संघाची पुढची मुलगी चेंडू घेऊन एकटीच गोलाकडे निघाली. मागे कोणीच नव्हतं. भाची तिच्यापासून बरीच लांब होती. आणि मग भाची धावली. मान खाली घालून, लांब टांगा टाकत, पावलांवर पूर्ण भार देत, ती मैदान तिरकं कापत गेली. सकाळच्या जिन्याचा गळलेला आकडा जागच्या जागी होता, उजवं पाऊल पडत होतं आणि टिकत होतं. गोलाच्या वर्तुळापाशी तिने एका गुडघ्यावर टेकत काठी जमिनीसरशी आडवी टाकली आणि डाव्या हाताने चेंडू असा काढून घेतला की पुढच्या मुलीने रिकाम्या जागेवरच फटका मारला. टाळ्या पडल्या. भाची उठली, इकडेतिकडे बघितलं, वर बाकाकडे बघितलं आणि पुन्हा लंगडायला लागली. दोन पावलं तर चुकून डाव्या पायावर लंगडली, मग सुधारलं.

कोच हसायच्या बेतात होता. मावशीचं तोंड बघून गप्प बसला. तिच्या कानात सकाळचा जिना वाजत होता. म्हणजे पोरीला ठाऊक होतं. मावशी रोज चहा गाळताना आपली पावलं ऐकते हे ठाऊक होतं, काय ऐकलं की ती काय समजेल हेही. आणि ऐकल्यावर तिला हायसं वाटेल, हेसुद्धा ठाऊक होतं का? त्या प्रश्नापाशी मावशीला बाकावर बसवेना. इतक्या पोरींचे पाय तिने वाचले होते. आपल्याला कोणी वाचत असेल हे तिच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

सामना संपल्यावर तिने कोचला गिरकीचं नाव सांगितलं. मुली आत गेल्या. भाची मात्र मैदानाच्या कडेला काठीवर रेलून उभी होती, गुडघ्याची पट्टी सोडून हातात घेतलेली. मावशी म्हणाली, "चल, घरी जाऊन बोलू."

"घरी का?" भाची म्हणाली. "सगळ्यांना फेरी असते. मला नाही?"

दोघी चालायला लागल्या. गवत अजून ओलं होतं आणि बूट चपचप वाजत होते. पहिल्या झेंड्यापर्यंत मावशी काहीच बोलली नाही. फेरीचा शिरस्ता पहिल्यांदाच मोडला. दुसऱ्या झेंड्याच्या वाटेवर आधी भाचीच बोलली.

"तुला सोपं जावं म्हणून केलं."

"मला?"

"मला घेतलंस तर सगळे म्हणणार, मावशीने घेतली. नाही घेतलंस तर आईला वाटणार, मावशीने डावललं. तू महिनाभर रात्री कुशी बदलतेयस, पलंग करकरतो तुझा, मला ऐकू येतं. म्हटलं, पायावर ढकलून देऊ. पाय काय, माझाच आहे."

मावशीला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरून आले. केवढीशी पोर, आणि आपल्याला सांभाळायला निघाली. तिची ती लबाडी इतकी मायेची होती की रागावणंही जमेना. अजूनही सोपं होतं. पायाचंच कारण सांगू, म्हटलं असतं की झालं. दोघी हसत हसत घरी गेल्या असत्या, ताईला दुखऱ्या गुडघ्याचं कळवलं असतं, आणि पोर जन्मभर समजत राहिली असती की मी त्याग केला. की निवड व्हावी इतकी मी चांगलीच होते. चालता चालता मावशीने खाली बघितलं तर चार बूट एका लयीत पडत होते. ती थांबली. भाची दोन पावलं पुढे गेली आणि वळली. मावशीने मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

ताईचं तोंड नव्हतं ते. नाक कोणाचं होतं कोण जाणे. डाव्या भुवईत एक बारीक पांढरी रेघ होती.

"हे कधी लागलं गं?"

"मागच्या वर्षी, चेंडू लागून. टाके पडले होते. तूच नेलं होतंस की!"

"हो का," मावशी म्हणाली. मग तिने ते सांगितलं, तिथेच उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघत. "पाय चांगला आहे तुझा. पायामुळे नाही. गिरकी आज तुझ्यापेक्षा चांगली आहे. तू खेळ आधी ओळखतेस, पण वळायला तुला वेळ लागतो. अंग एकदम वाढलंय, ते अजून आटोक्यात आलेलं नाही. मला वाटतं येईल. वर्षभर अकादमीत खेळ. पण आज तू तयार नाहीस, आणि लंगडली नसतीस तरी मी हेच नाव दिलं असतं."

ती बोलत होती आणि त्या तोंडाचं काय काय होत होतं ते तिला सगळं दिसत होतं. आधी पोरगी हसायला गेली. मग हनुवटी हलली. "म्हणजे उगाच लंगडले मी," ती म्हणाली आणि आवाज मध्येच फाटला. "मला वाटलं तू मला घेशील आणि तुला त्रास होईल. मला वाटलं, घेशीलच." मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. मावशीने पुन्हा ठेवला नाही. पण नजरही हलवली नाही. शेजारून चालताना इतक्या मुलींचं हे असंच झालं असणार, आणि आपण तेव्हा समोरच्या झेंड्याकडे बघत असणार, असं तिच्या मनात आलं. भाचीने बाहीला नाक पुसलं आणि उरलेली फेरी दोघींनी पुरी केली.

घरी आल्यावर मावशीनेच फोन लावला. ताईने पहिल्याच वाक्याला विचारलं, "नाही ना झालं?"

"नाही. अजून तयार नाही ती. वर्ष लागेल."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. मग ताई म्हणाली, "तिला सांगितलंस?"

"हो."

"कोणाकडून सांगवलं नाहीस ना? तोंडावर सांगितलंस?"

"तोंडावर सांगितलं, ताई."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली. तिने फोन मात्र ठेवला नाही. दोघी तशाच फोन धरून बसल्या, आणि आतल्या खोलीचं दार बंदच राहिलं.

सकाळी भाची चहा न घेताच निघाली. दार आपटलं आणि जिना वाजायला लागला. मावशीचा हात गाळणीवर होता. पावलं सरळ होती, दोन्ही, पूर्ण भाराची आणि भरपूर रागाची. पायऱ्यांचा काय गुन्हा होता देव जाणे. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला आवाज थांबला.

"ऐकतेयस ना?" खालून भाची ओरडली. "बरोबर पडतायत का?"

मावशीने गाळणी ठेवली. ओले हात तसेच घेऊन ती दाराबाहेर गेली आणि कठड्यावरून वाकली. खाली दोन मजल्यांवर भाची पाठीला काठी लावून, वर मान करून उभी होती.

"डोळे सुजलेत तुझे," मावशी म्हणाली.

भाचीने पाठीवरची काठी सावरली. "माहितीये," ती म्हणाली आणि उतरायला लागली. ती फाटकातून बाहेर पडून दिसेनाशी होईपर्यंत मावशी कठड्याशी उभी होती. आत चहा उकळून उकळून कडू झाला होता.